पाठीवरचा नंबर

होव्दा फार्म, एल्क क्रॉसिंग
१४ डिसेंबर

मारित,

आधी पोटभर घाबरून घे, मग पुढे वाच. तुरुंगातून लिहीत नाहीये. चार दिवस आत होतो, आता घरी आहे. डाव्या घोट्याला काळा पट्टा आहे. अंगणात फिरता येतं, रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत जाता येतं. पेटीच्या पलीकडे पाऊल टाकलं की पट्टा किंचाळतो आणि वीस मिनिटांत शेरीफची गाडी दारात उभी. करून पाहिलंय. (तू म्हणशील, हा करून पाहणारच.)

फोन काढून घेतला, इंटरनेट बंद. त्या दिवशी गर्दीत असलेल्या कोणालाही भेटायचं नाही, असा हुकूम आहे. म्हणून पत्र. चर्चच्या रविवारच्या वर्गात व्हर्नाबाई लिहायला लावायच्या, त्यानंतरचं हे पहिलंच. पेटीची लाल झेंडी वर केली की टपालवाली डोलोरिस येऊन पत्र घेऊन जाते. पूर्वी गाडीची काच खाली करून आईची चौकशी करायची. आता बोलत नाही. तीही व्हर्नाबाईंच्या हाताखाली मतदानाच्या दिवशी टेबलाशी बसायची ना.

तो व्हिडिओ तू पाहिलाच असशील. वरच्या मजल्यावर व्हर्नाबाईंच्या देखरेखीखाली निवडणुकीची मतं पुन्हा मोजणं चाललेलं, आपले सगळे शिकारीच्या कॅम्पवरून तसेच नारिंगी कोटांत कचेरीत घुसलेले, जिन्यात व्हर्नाबाई दोन्ही हात पसरून आडव्या उभ्या, आणि एक नारिंगी पाठ त्यांना ढकलते. तोंड दिसत नाही. पाठीवर टाचलेला शिकाऱ्याचा नंबर तेवढा दिसतो. तो लावायची सक्ती जाऊन किती वर्षं झाली, आता कुणाच्याच पाठीवर नसतो. फक्त माझ्या बापाच्या कोटावर राहिला, कारण तो गेल्यावर आईने काढू दिला नाही. पोलिसांनी जुनी वही उघडली, नंबर निघाला नेल्स होव्दाचा, आणि नेल्स होव्दा कबरीत. मग पोराला उचललं.

पण मारित, त्या दिवशी तो कोट माझ्या अंगावर नव्हता. पहाटे कॅम्पवर अंधारात खिळ्यावरून हाताला लागेल तो कोट जो तो घालतो. माझ्या अंगावर तुझ्या भावाचा, कर्टिसचा आला. बापाचा कोणाच्या अंगावर गेला ते तुला माहीत आहे. दुपारी कॅम्पवर परतल्यावर कर्टिसने तो गुपचूप खिळ्याला लावला आणि नुसत्या स्वेटरवर घरी गेला. पोलिसांनी तो तिथूनच उचलला.

मी तर जिन्याजवळसुद्धा नव्हतो. खाली कॉफीच्या मशीनपाशी होतो. गलका ऐकला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

कर्टिसचं नाव मी घेणार नाही. वकील डोकं आपटतोय, आपटू दे. तुझ्या आईला एकच मुलगा आहे. आणि मला एकच तू.

एकदा ये. पेटीच्या पलीकडे उभी राहा, मी अलीकडे उभा राहीन. हे पत्र वाचून जाळ.

तुझाच,
आन्सेल


२० डिसेंबर

आन्सेल,

पत्र मिळालं. जाळलं नाही. आमच्याकडे शेगडी विजेची आहे, हिरो.

मी येणार नाही. आले तर तुझ्या तोंडाकडे बघत बसेन आणि विचारायचं ते राहून जाईल. कागदावर बरं असतं.

व्हर्नाबाई आमच्या केअर होममध्ये आल्या आहेत, नऊ नंबरच्या खोलीत. खुबा मोडलाय, मनगट मोडलंय. खोल्या वाटून दिल्या तेव्हा नऊ नंबर माझ्या वाट्याला आली. बदलून मागावी म्हटलं, पण कारण काय सांगू? रोज सकाळी मी त्यांना उठवते, केस विंचरते. त्या म्हणतात, "मारित, तुझे हात फार हळुवार आहेत गं." घरी येऊन त्याच हातांनी कर्टिसला बटाटे वाढते. तो खाली बघून खातो. त्या दिवसाचं एक अक्षर बोलत नाही.

गावात तू मोठा माणूस झालायस. शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला गेले तर दारूच्या फळीवर तुझा फोटो. हरणाच्या शिंगांच्या बरोब्बर खाली. "दोन वर्षं कळ काढ म्हणावं, आपली माणसं निवडून आली की सगळ्यांना माफी," असं म्हणत होते. फोटोला ग्लास लावून पीत होते. कर्टिसनेही लावला.

एक विचारते. ढकलल्याचा आरोप आहे, तर फोन का काढून घेतला तुझा?

आणि कर्टिसचा कोट तुझ्याकडे आहे तो पाठव. आईला धुवायला हवाय.

मारित


२७ डिसेंबर

माझी मारित,

कोट आईबरोबर पाठवतोय. ती उद्या तुमच्याकडे बटाट्याच्या पोळ्या द्यायला येईल, तेव्हा देईल. धुवायला हवाय म्हणे! ओळखतो मी तुला. मागच्या हिवाळ्यात तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपीत माझा मफलर "चुकून" घेऊन गेली होतीस, तो परत दिलास का अजून? कोट मी महिनाभर घरात घालून फिरलोय, कॉलरला माझाच वास येईल. खिशात कर्टिसचा तंबाखूचा डबा आणि त्याच्या नावाचा शिकारीचा परवाना होता, तसाच ठेवलाय. आधी थोडा वेळ तो कोट उशाखाली घे, मग खुशाल धुवा.

नाताळ बरा गेला. आईने बापाचंही ताट मांडलं, सवयीने. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक आपल्या दारासमोर भोंगा वाजवतो. कोणी मूठ वर करतं. मी पण करतो. खोटं का बोलू, छाती फुगते. कॉलेजात दोन वर्षं कुत्रं विचारत नव्हतं मला, आणि ते सगळं सोडून मी आलो तुझ्यासाठी, तर इथे आता परगण्याला माझं नाव माहीत आहे.

फोनचं काय, सगळ्यांचेच घेतात. तू पोलिसांसारखं काय विचारतेस?

माफी होणारच. तोवर आत बसावं लागलं तर बसेन. तू वाट बघशील ना? एवढंच लिही. दुसरं काही नको.

आन्सेल


१६ जानेवारी

आन्सेल,

उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

कोट पोचला. त्याबद्दल आत्ता विचारू नकोस.

वाट बघशील का म्हणतोस. कोणाची? तू कॉलेज सोडलंस ते गावाला सांगतोस बाप गेला म्हणून. मला सांगतोस माझ्यासाठी. नापास झालास हे कोणालाच सांगत नाहीस. मला चालतं रे नापास झालेला माणूस. पण प्रत्येकाच्या मापाचं वेगळं कारण शिवून देतोस ना, ते मला चालत नाही.

काल व्हर्नाबाईंचे केस धूत होते. गरम पाणी लागलं की त्या बोलतात. म्हणाल्या, "नेल्सचा मुलगा ना? अक्षर छान त्याचं. पण विसरभोळा." मग सांगायला लागल्या. तू कॉलेजात असताना एकदा टपालाने मत पाठवलंस आणि पाकिटावर साक्षीदाराचा पत्ताच लिहिला नाहीस. तसं पाकीट मोजता येत नाही. त्यांनी तुला तीनदा फोन केला. चौथ्यांदा तू उचललास आणि झोपेत म्हणालास, "कोण बाई? काही घ्यायचं नाहीये मला." त्यांनी पाकीट परत पाठवलं, तू पत्ता भरून धाडलंस, तेव्हा मोजलं गेलं. मी विचारलं, "बाई, त्याने मत कोणाला दिलं होतं?" तर साबणाच्या फेसातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पर्समध्ये हात घातला.

त्यांनी राजीनामा पाठवलाय. जिना चढता येणार नाही आता. त्यांच्या जागी कोणीच अर्ज करेना. कोण करेल? परवा शेवटच्या दिवशी एक अर्ज आला.

आमच्या कर्टिसचा.

कचेरीतल्या मंडळाला एकच नाव मिळालंय. दहा मार्चला त्याची नेमणूक होईल. त्याला विचारलं, "तू? त्या खुर्चीत?" तर म्हणतो, "कोणीतरी आपलं बसायला नको का?" आईने त्याच्यासाठी नवा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

मारित


२२ जानेवारी

मारित,

माझं डोकं फिरलंय. हे वाचून मी सरळ रस्त्यावर गेलो, पट्टा बोंबलला, शेरीफ आला, वकील आला. वकील म्हणाला, पुन्हा असं केलंस तर उरलेले दिवस कोठडीत काढशील. सहा मार्चला कोर्टात उभं करतील. गुन्हा कबूल केला तर दोन वर्षं, नाही केला आणि हरलो तर सहा.

मी म्हटलं, कबूल कशाला, तो मी नव्हतोच, मी दुसरा कोट घातला होता. तो टुणकन उठला. "कुठाय तो कोट?"

कुठाय तो कोट, मारित?

कॉलर, वास, मफलर! मी गाढवासारखं काय काय लिहीत बसलो, आणि तू एका ओळीत माझ्या हातातून माझा एकुलता एक पुरावा काढून घेतलास. धुवायला! आईला हवाय! घरात सगळ्यांनी बसून ठरवलंत की तुझं एकटीचं डोकं?

मी तुमच्या घरासाठी गप्प बसलो. सहा वर्षं आत जायला तयार होतो. आणि ज्याने बाईंना ढकललं तोच बाईंच्या खुर्चीत बसून माझी, तुझी, डोलोरिसची, सगळ्यांची मतं मोजणार? आणि मी आतून टाळ्या वाजवू? जो हात त्यांना लागला तोच हात पाकिटं उघडणार?

बस्स झालं. सहा तारखेला मी त्याचं नाव घेणार. कोट असो, नसो.

आन्सेल

(पाणी पडलंय अक्षरावर. रडलो वगैरे नाही. बर्फ होता.)


४ फेब्रुवारी

आन्सेल,

घे नाव. मी अडवणार नाही. मी तुझ्या पत्राची वाट बघत होते ती याचसाठी, आणि आता तेच दुसऱ्यांदा वाचवत नाही. भाऊ आहे माझा.

पण घेतोस तर सगळं घे.

तुझा कागद मी कर्टिससमोर ठेवला. दोन महिन्यांनी त्याने तोंड उघडलं. म्हणाला, "मी जिन्यात बाईंच्या समोर पोचलो आणि पाय हलेना. त्यांनी हात पसरले होते. म्हणाल्या, 'कर्टिस, बाळा, खाली जा.' मी वळणारच होतो. तेवढ्यात मागून आन्सेल ओरडला."

काय ओरडलास ते मी लिहीत नाही. तू लिही.

तो म्हणाला, "लहानपणापासून तो आवाज ऐकलाय. आन्सेल हाका घालतो, मी बंदूक धरून उभा राहतो. तो ओरडला की माझे हात आपोआप उठतात." ऐकून मला शिसारी आली, कारण ते खरं आहे. दर हंगामात तुम्ही हेच करता. तू रानातून आरोळ्या देत हरणं हाकत आणतोस, तो दुसऱ्या टोकाला उभा. गोळी नेहमी त्याची. तुझ्या नावावर एक हरीण नाही. पण तुझ्याशिवाय एकही मेलेलं नाही.

कर्टिस सुटत नाही त्याने. हात त्याचेच होते. मी त्याला तेच म्हटलं. तो उठून गोठ्यात गेला.

आणि कॉफीचं मशीन! अरे शहाण्या, ते दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं. आता तिथे व्हीलचेअरसाठी उतार आहे. फोनचंही समजलं. "सगळे कचेरीत या, बाई मतं लपवतायत" हा निरोप कॅम्पाकॅम्पावर कोणी धाडला ते सगळ्या गावाला माहीत होतं, माझ्याशिवाय.

अजून एक. व्हर्नाबाईंनी पोलिसांना सांगितलं की चेहरा आठवत नाही. ते खरंच आहे, चष्मा उडाल्यापासूनचं काही आठवत नाही त्यांना. पण मला म्हणाल्या, "एक आवाज आठवतो. माझ्या वर्गात स्तोत्र म्हणायचा तो आवाज." मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही?" म्हणाल्या, "मला खात्री नाही. चाळीस वर्षांत खात्री नसलेलं एक मत मी मोजलं नाही. ज्याचं असेल त्याने येऊन सांगावं."

मी त्यांच्या पायात मोजे घालत होते. वर बघायची हिंमत झाली नाही.

मारित


१८ फेब्रुवारी

मारित,

"ढकला म्हातारीला, बघता काय!"

हे ओरडलो.

चौदा दिवस लागले एवढं लिहायला. वर बघ, किती लहान दिसतं.

निरोप मीच पाठवला. ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. कोणीतरी मला पाठवलं, मला राग आला, मी पुढे धाडलं. राग आला की मला बरं वाटतं, तुला ठाऊक आहे. कॉलेजातून आल्यापासून तेवढ्याच वेळी मी कोणीतरी असतो. कचेरीत शिरलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आता काय, आता काय. मी जिन्याच्या सहाव्या पायरीवर होतो. बाई दिसत होत्या. त्यांनी तो हिरवा स्वेटर घातला होता, खारीच्या आकाराची पिन लावलेला. मी ओरडलो तेव्हा मला वाटलं मी रानात आहे. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतोय.

त्या पडल्या. आवाज झाला. सगळे पळाले. त्यांचा चष्मा माझ्या बुटापाशी आला. मी तो उचलला, फुटू नये म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, अगदी नीट, दांड्या मिटून. आणि मग त्यांच्या अंगावरून उडी मारून पळालो. चष्मा उचलला, बाईंना नाही. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही, आणि रोज सकाळी उठलो की पहिलं तेच येतं.

तुला सांगितलं की मी तुझ्यासाठी गप्प आहे. नव्हतो. कर्टिसचं नाव घेतलं तर तो माझं सांगेल म्हणून गप्प होतो. प्रेमाचं नाव लावलं त्याला.

आता सांग काय करू. गप्प राहिलो तर कर्टिस खुर्चीत बसतो, मी दोन वर्षं आत जातो, फोटोला ग्लास लागतात, मग माफी येते, मी मिरवत घरी. पुढच्या वेळी आणखी कोणी आरोळी देईल, कारण दिल्याने काही होत नाही हे दिसलेलं असेल. बोललो तर तुझ्या आईचा मुलगा जातो, माझ्या आईचा जातो, आणि ज्या रस्त्यावर भोंगे वाजतात त्याच रस्त्याकडेला आईला एकटीला राहायचंय. कुठूनही बाहेर पडायला वाट नाही. घोट्याचा पट्टा तरी पेटीपर्यंत सोडतो.

आज एक ट्रक भोंगा वाजवून गेला. मी हात वर केला नाही. तो थांबला, काच खाली केली, म्हणाला, "काय रे, बरं नाही का?"

आन्सेल


२५ फेब्रुवारी

आन्सेल,

कोट आहे.

आईने तो मागवला होता गोठ्यामागच्या पिंपात जाळायला. मला आधी माहीत नव्हतं, मला खरंच धुवायचा वाटला. एवढं तरी मान. पिंपातून मी काढला तेव्हा डावी बाही गेली होती. परवाना खिशात शाबूत आहे. आता तो नऊ नंबरच्या खोलीतल्या कपाटात आहे, बाईंच्या झग्यांमागे. त्यांना विचारूनच ठेवला. काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. "जळका वास येतोय," एवढंच म्हणाल्या आणि खिडकी उघडायला लावली.

आई माझ्याशी बोलत नाही. कर्टिस परवा माझ्या खोलीच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट घालून बघत होता, काढायचा राहिला होता. म्हणाला, "आन्सेल बोलणार का?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाला, "तो बोलला तर मला नाही म्हणता येणार नाही." आणि तसाच उभा राहिला. आरोळीची वाट बघत.

सहा तारखेला मी कोट घेऊन कोर्टाच्या दारात उभी राहीन. आत आणणार नाही. आधी तू तुझं सांगायचंस. सहावी पायरी, ती ओळ, निरोप, सगळं. ते झालं की मी आत येईन आणि माझ्या भावाला तुझ्या शेजारी उभं करीन. तुझं सांगायच्या आधी त्याचं नाव घेतलंस, तर मी कोट घेऊन घरी जाईन. मग आई आहे आणि पिंप आहे.

वाट बघेन का, हे आता विचारू नकोस. मफलर माझ्याकडेच आहे. त्याचा अर्थ काढत बसू नकोस.

मारित


३ मार्च

मारित,

आज पेटीत तीन पाकिटं जातील.

एक वकिलाला. त्यात सगळं आहे, माझं आधी, कर्टिसचं नंतर, एका ओळीत. तो वाचून नोकरी सोडेल.

एक व्हर्नाबाईंना. त्यात एकच वाक्य आहे, ते तू वाचू नकोस. खाली माझी सही आहे, आणि पत्ता पूर्ण लिहिलाय, या वेळी विसरलो नाही. तेवढी त्यांची खात्री व्हायला हवी.

आणि हे तुला.

आईला काल सांगितलं. तिने ऐकलं, मग बापाचं ताट कपाटात आत ठेवून दिलं. "कोट परत मिळेल का रे?" म्हणाली. मी म्हटलं, पुरावा आहे, नाही मिळणार. म्हणाली, "मग नंबर तरी?"

कर्टिसला सांग, मी ओरडणार नाही. हळू बोलीन. त्याने त्याचं स्वतः ठरवावं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

माफीचं म्हणशील तर ती येईलही. या देशात आता काय येईल ते कोणी सांगू नये. पण ती येईल तेव्हा मी काय केलं होतं ते कागदावर असेल, माझ्या अक्षरात. अक्षर छान आहे म्हणे.

भीती वाटते. खूप. पहिली दोन पेटीत टाकली तेव्हापासून दोनदा झेंडी खाली केली, दोनदा वर. डोलोरिस येईपर्यंत पाकिटं काढून घ्यायला मला कोणी अडवणार नाही. एवढं मोकळं मी तीन महिन्यांत नव्हतो आणि मला ते सोसत नाहीये.

आन्सेल

(पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने)

डोलोरिसची गाडी वळणावर दिसतेय. हे पाकीट पेटीवरच टेकवून लिहितोय. मागून एक ट्रक येतोय, तो भोंगा वाजवेल. झेंडी वर आहे. आता हे आत टाकतो आणि दोन्ही हात खिशात घालून उभा राहतो.